लुईझाचं आवतण आणि तिसरा पर्याय

गिरीज गावच्या थेरेसाला कॉम्प्युटर कंपनीत घेतलं होतं टायपिस्ट म्हणून. पण तिचं इंग्रजी स्वच्छ, म्हणून १९८६ साली रामनाथसाहेबांनी तिला माहितीपुस्तिका लिहायला बसवलं. गावात बढतीचं कौतुक झालं. पहिलीच पुस्तिका मात्र तिच्या अंगाशी आली.

ऑफिसात एकाच प्रोग्रामच्या दोन प्रती दोघं जण आपापल्या परीने सुधारत. मग त्या एकत्र करायला तीन पर्याय होते: पहिली प्रत ठेवा, दुसरी ठेवा, किंवा दोन्ही जुळवा. थेरेसाने एवढंच लिहिलं, तेही भलत्याच वळणदार भाषेत. ते वाचून एकाने दुसरा पर्याय निवडला आणि जयराम नावाच्या सहकाऱ्याचं चार दिवसांचं काम पुसलं गेलं. रामनाथसाहेब म्हणाले, "सोमवारी नवी पुस्तिका द्या. पुन्हा कुणी अडलं, तर तुम्ही टायपिंगला परत." चूक आपलीच, हे तिला फार डाचत होतं.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून ती घरी आली, तर ओटीवर जुंपलेली. नणंद विनीचं लग्न तोंडावर आलं होतं. घरातल्या थोरल्या मुलाच्या लग्नातली आवतणांची यादी सासू बर्था आणि चुलतसासरे फर्डिनंड, दोघांनी वेगवेगळी उतरवून घेतली होती आणि आपापले फेरफार केले होते. आता माझीच यादी खरी, असा दोघांचा हेका.

"तुमची घेतली तर माझं माहेर गळतंय!" बर्था कडाडली.

"आणि तुझी घेतली तर माझे निर्मळ गावचे पाहुणे!"

थेरेसा जागच्या जागी थबकली. "आई, जुनी यादी कुठाय?"

जुनी यादी मधे ठेवून ती एकेक घर वाचू लागली. कुणीच हात लावला नसेल, तर ते घर तसंच. एकानेच बदललं असेल, तर त्याचा बदल घ्यायचा. चहा गार व्हायच्या आत शंभर घरं निघाली, आणि गाडी अडली ती शेजारच्या लुईझापाशी. जुन्या यादीत तिच्याकडचं एकच माणूस होतं. बर्थाने ते चूलबंद केलं होतं, म्हणजे अख्ख्या घराने जेवायला यायचं, चूल पेटवायची नाही. फर्डिनंडकाकांनी मात्र विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून झालेलं भांडण धरून नावावरच काट मारली होती.

"इथं दोघांनी वेगवेगळं बदललंय, मी काही ठरवणार नाही," थेरेसा म्हणाली. "तुम्ही दोघं बोला."

ते बोलायला लागले तशी ती आत पळाली आणि कागद पुढे ओढले. मूळ प्रतीबद्दल तिने आधी अवाक्षर लिहिलं नव्हतं. एकच प्रत ठेवली की दुसऱ्याची मेहनत जाते, हेही नाही. आता तिने सगळं साध्या वाक्यांत लिहिलं, आणि उदाहरण म्हणून सरळ आवतणांची यादीच घातली, लुईझासकट.

सोमवारी पुस्तिका वाटली. दुपारपर्यंत कुणी फिरकलं नाही. चार वाजता रामनाथसाहेब टेबलाशी येऊन उभे राहिले, चेहरा गंभीर.

"जयरामने दोन प्रती जुळवल्या. एकही ओळ गेली नाही. पण सगळे एकच विचारतायत आणि पुस्तिकेत त्याचं उत्तर नाही."

"काय, सर?"

"त्या लुईझाबाईंना आवतण गेलं का?"

थेरेसाला हसू आवरेना. "चूलबंद गेलं, सर. काल संध्याकाळी काका स्वतः द्यायला गेले, ते तिच्याकडेच जेवून आले."