दाराकडं तोंड केलेलं जहाज

देवाकडं खुणा मागणाऱ्यांतली मी कधीच नव्हते. मागच्या हिवाळ्यात मात्र माझी पाचावर धारण बसली. ह्यांच्या हृदयाच्या नळ्या बंद होत आल्यात, बायपास लवकर करावी लागेल, असं शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं. आम्ही शहरातच, मुकुंदवाडीला राहतो. रोज पहाटे मी प्रार्थनेला बसायची, ‘प्रभू’ म्हणायची, आणि पुढं शब्दच सुचायचा नाही. हे मात्र मजेत. जन्मभर एसटी चालवलेला माणूस. डॉक्टरांना म्हणाले, इंजिन खोलायचं तर खोला, पण आधी मला जहाजाखाली उभं राहून येऊ द्या.

या जहाजाबद्दल सांगायला हवं. पाचोडच्या पुढं आमच्या गावात एक लहानसं लुथरन चर्च आहे. माझ्या पणजोबांच्या काळात डेन्मार्कहून आलेल्या एका जोडप्यानं ते उभारलं. आधी त्यांनी विहीर खोदली, मग औषधपाणी सुरू केलं. गावातली काही घरं त्यांच्याबरोबर उपासनेला बसू लागली, तेव्हा सगळ्यांनी मिळून नाल्यातला काळा दगड वाहून आणला. त्यांतले साहेब दर्यावर मासेमारी करणाऱ्याचा मुलगा. त्यांच्या देशात चर्चच्या आढ्याला लाकडी जहाज टांगायची रीत आहे. इथंही त्यांनी आपल्या हातानं एक कोरलं आणि वेदीकडं तोंड करून टांगलं, कारण माणसाचा प्रवास शेवटी देवाकडंच चाललेला असतो. समुद्र गावात कुणी पाहिला नव्हता, पण जहाज सगळ्यांनी आपलंसं केलं. नोकरीला निघालेला मुलगा असो की कॉलेजला निघालेली मुलगी, जो तो आधी जहाजाखाली उभा राहतो आणि पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, प्रवासाची प्रार्थना म्हणतात. ख्रिस्तीच असावं असं काही नाही. ह्यांची एसटीतली प्रत्येक बदली या जहाजाखालूनच झाली.

आम्ही गावी पोचलो, तर जहाज जागेवर नव्हतं. नवे पत्रे टाकायचे म्हणून ते उतरवून समोरच्या कौसाबाईच्या ओसरीवर ठेवलेलं. कौसाबाई माझी लहानपणची मैत्रीण. सोमवार न चुकवणारी, महादेवाची भक्त, पण जहाजाची राखण तिनंच अंगावर घेतली होती. तिचा रमेश याच जहाजाखाली उभा राहून दुबईला गेला, त्याला बरीच वर्षं झाली. आधी फोन यायचे, मग तेही विरळ झाले. वेचून आणलेल्या कापसाच्या ढिगावर जहाज इतकं ऐटीत बसलं होतं, की ह्यांना हसू आवरेना. मला दिसल्या त्या शिडांच्या चिंध्या. शिडं शिवायचं काम आमच्याच घराकडं, आईनंतर ते माझ्याकडं आलं. कौसाबाईनं धुवट धोतराचा तुकडा दिला आणि मी सुईदोरा घेऊन बसले.

शिवता शिवता मनात आलं, हे उद्या या जहाजाखाली उभे राहणार, आणि जहाज निघालंय कुठं, तर देवाकडं. लहानपणापासून ऐकलेलं, पण त्या दिवशी ते काळजात रुतलं आणि मला रडू फुटलं. मनातल्या मनात म्हणाले, प्रभू, तुझ्याकडं सगळ्यांनाच यायचंय, पण ह्यांना एवढ्यात नको रे. कितीतरी दिवसांनी माझ्या प्रार्थनेचं वाक्य पुरं झालं होतं. कौसाबाईनं चहा आणून ठेवला.

दुसऱ्या दिवशी रविवारच्या उपासनेला गेलो. नवे पत्रे चढले होते, जहाजही टांगलं होतं, पण तोंड दाराकडं! मंडळीत कुजबुज सुरू झाली. आपलं हृदय दुखरं आहे हे विसरून हे जहाज टांगणाऱ्या मिस्तरीवर उखडले. मिस्तरी परगावचा, त्याला इथली रीत कुठली ठाऊक असणार. तो शांतपणे म्हणाला, “वाहनाचं तोंड रस्त्याकडंच ठिवत्यात की, काका. बैलगाडी आसू द्या नायतर एसटी.”

हे स्वतः डेपोत रोज बसचं तोंड रस्त्याकडं करूनच घरी यायचे. हे बाकावर जाऊन बसले. पाळकांनी शिडी आणायला सांगितली. तेवढ्यात दारात उभी असलेली कौसाबाई म्हणाली, “ऱ्हाऊ द्या की तसंच. माणसाला माघारी आणाया निघालंय ते.”

ओसरीवरची माझी प्रार्थना मी तिला सांगितली नव्हती. चूक मिस्तरीची, बोलणं एका साध्या बाईचं, यात देवाचं काय, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. पण मी जे मागितलं होतं ते माझ्या डोक्यावर टांगलेलं होतं, नव्या शिडांसकट. ऑपरेशन होईपर्यंत तरी असू द्या, असं मी पाळकांना विनवलं. ते हसले, आणि प्रवासाची प्रार्थना तशीच झाली.

ऑपरेशनच्या दिवशी मी थिएटरबाहेरच्या बाकावर बसले होते. भीती गेली होती असं म्हणणार नाही. पण वाटलं, जहाजाचं तोंड इकडं असो की तिकडं, ते टांगलेलं तर एकाच आढ्याला आहे. म्हणाले, प्रभू, ह्यांना माघारी आण; आणि नाहीच आणलंस, तर दोघांनाही तूच सांभाळ. इतकं बोलून झालं आणि मला चक्क भूक लागली. खाली जाऊन मी पोटभर पोहे खाल्ले. वर आले तर डॉक्टर मलाच शोधत होते, सगळं नीट झालं म्हणून सांगायला.

नाताळला हे, खोकताना टाके दुखू नयेत म्हणून छातीशी उशी धरून, चर्चमध्ये आले. पाळकांनी शिडी तयारच ठेवली होती. आता फिरवू या का, असं त्यांनी ह्यांनाच विचारलं. सगळ्यात आधी उखडलेला माणूस हाच. हे वर जहाजाकडं बघत राहिले, मग दाराशी उभ्या असलेल्या कौसाबाईकडं पाहिलं.

“नको,” हे म्हणाले. “रमेश अजून यायचाय.”

कौसाबाईनं पदर डोळ्यांना लावला. शिडी परत गेली. जहाज अजून दाराकडंच बघतं, आणि या वर्षी शिडं मी जरा जाड कापडाची शिवलीत. पहाटे प्रार्थनेला बसले, की आधी ह्यांच्यासाठी आभार मानते आणि मग रमेशचं नाव घेते. हल्ली वाक्य अडत नाही.