दोन गेल्यावर तिसरा

धर्मात शास्त्र शोधणाऱ्यांचा मला पहिल्यापासून राग. आमचे मद्रासी डॉक्टर त्यातलेच. यहुदी डुक्कर खात नाहीत म्हणजे पोटातल्या जंतांची त्यांना माहिती असणार, असं ते जेवणाच्या सुट्टीत ठासून सांगत. कुवेतच्या त्या हॉस्पिटलात मी रक्त तपासायचो आणि सईदाखाला, म्हणजे आमची सईदामावशी, बाळंतिणींच्या वॉर्डात आया होती. मी मुरुडचा, ती रेवदंड्याची. विधवा बाई, तोंडाने फटकळ. शहरातल्या हवल्ली वस्तीत मुलगी बानू आणि जावई नझीर यांच्याकडे राहायची.

१९६१च्या उन्हाळ्यात खाला एकदम गप्प झाली. बानूला तिसरा मुलगा झाला होता. पहिले दोघे सुंतेनंतर रक्त न थांबल्यामुळे गेले होते. पहिल्याच्या वेळी सगळ्यांनी सुंता करणाऱ्या न्हाव्याला शिव्या घातल्या, दुसऱ्याच्या वेळी नजर लागली म्हणाले. आता नझीरने तिसऱ्यासाठी शुक्रवार ठरवला होता.

बुधवारी खाला बाळाला पदराखाली घेऊन माझ्या खोलीत आली.

"कमाल, याचा रगत बघ. नझीरला सांगू नको."

"हे तुला कुणी सुचवलं?"

तिने दार लोटलं. "रेवदंड्याला आमच्या शेजारी शनवारतेली होते. हन्नाबाय. त्यांच्यातपण सुंता करतात. तिचे दोन असेच गेले. तिसऱ्याला त्यांच्या धर्मगुरूनं हात लावू दिला नाय. दोन गेले की तिसऱ्याला सोडायचा, असा त्यांचा हुकूमच हाय. बहिणींची गेलेली पोरंपण त्यात मोजतात."

शनवारतेली म्हणजे आमच्या किनाऱ्यावरचे यहुदी, शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे. पॅलेस्टिनी निर्वासितांनी भरलेल्या हवल्लीत यहुद्यांचं नाव काढलं तर नझीर आपल्याला घराबाहेर काढेल, ही तिची भीती.

मी बाळाच्या टाचेला सुई टोचून रक्त काचेच्या नळीत घेतलं. सात-आठ मिनिटांत ते गोठायला हवं होतं. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. नळी तिरकी केली की रक्त पाण्यासारखं हलायचं. टाचेतलं रक्तही थांबेना, खालाने दाबलेला कापूस लाल होत चालला. मी डॉक्टरांकडे धावलो.

त्यांनी नझीरला बोलावून घेतलं. "याची सुंता करायची नाही. कधीच नाही. रक्त न गोठण्याचा हा आजार आईकडून मुलग्यांना येतो."

डॉक्टरांनी खालाला विचारलं, "तुला शंका कशी आली?"

खालाने जावयाकडे पाहिलं आणि हन्नाबाईचं सगळं सांगून टाकलं. नझीरने वाकून बाळाची टाच धरली.

डॉक्टर मात्र खूश झाले. "पाहिलंस कमाल? जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी त्यांना हे ज्ञान होतं!"

उत्तर खालाने दिलं.

"कसला ज्ञान, डाक्टरसाब? ज्ञान असता तर पहिला गेल्यावरच थांबले नसते? रडता रडता कुणीतरी मोजलं, एवढंच." तिने कापूस बदलला. "आणि मला तर हन्नाबाय ठाऊक होती. तरी सुंतेच्या वेळी आमच्या दुसऱ्याचे पाय मीच धरले होते."