रावजीच्या हाताजोगं

काशीराम पालीच्या बाजारात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचा. त्याचा थोरला भाऊ रावजी मुंबईला गोदीत होता. शहाऐंशीच्या मे महिन्यात तो टीव्ही घेऊन गावी आला आणि त्याच सुट्टीत आंबे काढताना झाडावरून पडला. मानेला मार बसला. जीव वाचला, पण पाय गेले, बोटं गेली. मनगट आणि कोपर तेवढं हलायचं. आवाज इतका खोल गेला की तोंडाशी कान नेल्याशिवाय ऐकू येत नसे.

संध्याकाळी त्याची बायको राही टीव्ही लावून गोठ्यात जायची. ती परत येईपर्यंत लागेल ते त्याला बघावंच लागे. एकदा काशीराम जवळ बसला होता तेव्हा तो म्हणाला, "काशा, हा टीव्ही माझा मला बंद करता येईल असं काय तरी कर."

काशीरामने लांब वायरीला दोन बटणं लावून दिली. रावजीचं मनगट त्यांवरून घसरायचं. मग त्याने भावाचा हात आपल्या हातात घेऊन तो कुठवर वळतो ते नीट पाहिलं, आणि फणसाच्या लाकडाचं एक खोकं केलं. टीव्ही चालू-बंद करायला जाड दांडी, आवाजासाठी दातेरी चाक. तळहाताने ढकललं तरी फिरेल असं.

पहिल्या दिवशी रावजीने टीव्ही नुसता लावला आणि बंद केला, पुन्हा लावला. राही दारात उभी राहून पदराने डोळे पुसत होती.

खोक्याचा दुसरा उपयोग रावजीनेच शोधला. दुपारी कार्यक्रम नसायचे, पण टीव्ही लावून चाक पुरतं फिरवलं की त्याची खरखर खालच्या मळ्यापर्यंत जायची. पाणी हवं असलं, कूस बदलायची असली, की तो तसं करायचा. राही हातातलं काम टाकून यायची.

पुढच्या श्रावणात एका दुपारी ती मळ्यात बेणणीला, भातातलं तण काढायला गेली होती. खरखर आली नाही म्हणून निर्धास्त होती. घरी आली तेव्हा रावजी गेलेला होता. घशात कफ अडकला होता. दांडी वर केलेली होती, चाक शेवटापर्यंत फिरवलेलं. वीज गेली होती.

माणसं जमली. काशीराम भावाच्या पायाशी बसला होता. तेवढ्यात वीज आली आणि टीव्ही एकदम मोठ्याने खरखरू लागला. राही ताडकन उठली. "आले, आले," म्हणत दोन पावलं गेली आणि तिथेच खाली बसली. काशीरामने वायर ओढून काढली.

त्यानंतर त्याने दुकान बरेच दिवस उघडलं नाही. सावर्ड्याहून एक माणूस आला. त्याच्या आईचे हात संधिवाताने वाकडे झाले होते, तिला तसलं खोकं हवं होतं. काशीरामने नाही म्हणून सांगितलं. राहीला हे कळलं तेव्हा ती दुकानात आली.

"भावोजी, त्या म्हातारीला करून द्या," ती म्हणाली. "फक्त वीज गेली तरी वाजेल असं काय तरी त्यात बसवा."

काशीरामने नव्या खोक्यात सेलवर चालणारी घंटा बसवली. सावर्ड्याला तो स्वतः घेऊन गेला. म्हातारीने कोपराने दांडी दाबली, घंटा वाजली, आतून सून धावत आली. म्हातारी हसली. काशीरामला तिथे बसवेना. समोर आलेला चहा तसाच ठेवून तो एस्टीच्या थांब्यावर जाऊन उभा राहिला.