घडीमावशीची चादर

आमच्या जिन्यात बातमी आली ती अशी : घडीमावशीने सिनेमात कपडे काढले. आणली दूधवाल्याने, आणि दुधात घालतो तितक्याच सफाईने त्याने बातमीतही पाणी घातलं होतं. तळमजल्यावरच्या शिंपीदादांनी वर ठिगळ लावलं, की पोस्टरवर जी उघडी पाठ दिसते ती मावशीचीच. आता मावशी साठीच्या पलीकडची, इस्त्री करून करून पाठीला बाक आलेला. आणि पोस्टरवरची पाठ म्हणजे साच्यातून नुकती काढलेली मेणबत्ती. पण अफवेला चष्मा कोण लावणार?

खरं काय ते मी सांगते. मी मावशीच्या समोर राहते आणि माझं दार सहसा बंद नसतं.

मावशी कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीत इस्त्री करते. घडीमावशी हे नाव पडलं ते हाताच्या खोडीमुळे. पिशवी असो, वर्तमानपत्र असो, बसचं तिकीट असो, हाताला लागेल त्याची ती घडी घालणार. एकदा बोलता बोलता तिने अंघोळीहून आलेल्या माझ्या नवऱ्याचा टॉवेल ओढून चौकोनी घडी करून ठेवला. खांद्यावरचा होता म्हणून बरं.

दोन खोल्यांत ती आणि तिची थोरली बहीण. थोरलीने लग्न केलं नाही, धाकटीचा नवरा लवकर गेला. थोरली शाळेत शिक्षिका होती, अर्ध्या गल्लीला तिने पाढे शिकवलेत, म्हणून तिला सगळे ‘बाई’च म्हणतात. बाईंच्या ब्लाउजची कॉलर पाहिलीत तर तिने कागद कापता येईल, अशी कडक. अर्थात मावशीच्या हातची.

सिनेमा दीडशे वर्षांपूर्वीच्या एका बड्या घराचा. त्यात नवरा बायकोला विवस्त्र करून घराबाहेर काढतो आणि ती ताठ मानेने धुण्याच्या अंगणातून चालत जाते. एकाही नोकराने वर बघायचं नाही, असा मालकाचा हुकूम. सिनेमावाल्या मंडळींचे झालरीबिलरीचे कपडे आमच्याच लॉन्ड्रीत यायचे. मावशी चित्रीकरणाच्या जागी गाठोडी पोचवायला गेली, तर तिथल्या माणसाने तिलाही धुणंवाल्या बायकांत उभी केली. “मावशी, चादरींच्या घड्या घालत राहायचं. काही झालं तरी मान वर करायची नाही.”

मान खाली घालून घड्या! मावशीला याहून सोपं काम जन्मात मिळालं नसतं.

पण दिवस कडाक्याच्या थंडीचा. नटी आली ती तोंडातून वाफा सोडत, पायांची बोटं निळी पडलेली. मावशीला आधी ती बोटंच दिसली. मग कसला कॅमेरा आणि कसला हुकूम! हातातली अर्धी झालेली घडी तिने झटकून मोडली, पोरीला खांद्यापासून पायापर्यंत गुंडाळलं, टोक हनुवटीखाली खोचलं आणि म्हणाली, “अगं, काय हे! गारठशील ना!”

दिग्दर्शकाने काम थांबवलं. मावशीला वाटलं, आपण त्यांच्या दिवसाचं वाटोळं केलं. घरी येऊन तिने सख्ख्या बहिणीजवळही ब्र काढला नाही.

तिला काय ठाऊक, की दिग्दर्शकाने तेच ठेवलं, फक्त तिचा आवाज काढून टाकला! सिनेमा लागला आणि गावात दोन तट पडले. अर्धे लोक मध्येच उठून जात, अर्धे शेवटी उभं राहून टाळ्या वाजवत. एका पेपरात आलं, ती चादर म्हणजे सत्यावर पांघरूण घालणारा समाज. दुसऱ्यात आलं, ती चादर म्हणजे करुणा. तिसऱ्याने लिहिलं, चादर येईपर्यंत मला झोप लागली होती. थिएटरच्या दारात फलक घेऊन पोरं उभी राहिली, ‘बंद करा’ म्हणून.

बाईंना रस्त्यात जुने विद्यार्थी विचारू लागले. त्यांनी घरी येऊन सरळ प्रश्न टाकला. “तू होतीस त्या सिनेमात?”

मावशीच्या डोक्यात तो बिघडवलेला दिवस. ती लाजेने लालबुंद. “होते गं ताई. चूक झाली माझ्याकडून. परत नाही जाणार.”

झालं! बाईंनी अबोला धरला. दोघी एका खोलीत, आणि निरोप्या मी. “ताईला सांग, दूध उतू जातंय.” “तिला सांगा, मला दिसतंय.” त्याहून वाईट म्हणजे बाई मावशीला इस्त्रीला कपडे द्यायच्या बंद झाल्या. चुरगळलेल्या कॉलरने बाई बाजारात आल्या, तेव्हा भाजीवालीने मला विचारलं, “कुणी गेलं का हो त्यांच्यात?”

एका दुपारी मावशी माझ्या स्वयंपाकघरात बसली. माझ्या फडक्यांच्या घड्या घालत म्हणाली, “आई गेल्यापासून आम्ही दोघीच. तिने असंच गप्प राहायचं ठरवलं तर मी भांडू कुणाशी?”

“पण चूक म्हणजे केलंस तरी काय?”

तिने सांगितलं. मी हसत सुटले आणि तशीच बाईंकडे धावले. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. “तुमच्या तोंडून आलेलं मी खरं धरत नाही,” म्हणाल्या. बातम्या पुरवण्यात तेवढं नाव कमावलंय मी.

“मग स्वतः बघा! उद्या उतरतोय सिनेमा.”

मावशीला म्हटलं, तूही चल. ती म्हणाली, “मी बिघडवलेलं मी कशाला बघू?”

दुपारच्या खेळाला बाई डोक्यावरून स्कार्फ ओढून निघाल्या. दारातल्या फलकवाल्याने तरी ओळखलंच. “बाई, तुम्ही?”

“तू पाहिलास सिनेमा?”

“नाही.”

“मग बाजूला हो. मला बघायचाय.”

सिनेमा संथ. पडद्यावर नटी जिना उतरते तेवढ्यात माझी एक डुलकी झाली. मग ते अंगण आलं. सगळ्यांच्या माना खाली. पडदाभर आमची मावशी, बाकासकट. तिने मान वर केली, चादर झटकली, पोरीला गुंडाळलं, हनुवटीखाली टोक खोचलं.

बाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. “आईचं अंग पुसून झालं की ही तिला अशीच गुंडाळायची,” त्या पुटपुटल्या. “शेवटी शेवटी. मला नाही जमायचं ते बघायला. मी दाराबाहेर उभी राहायचे.”

घरी आल्यावर मी माझं दार उघडंच ठेवलं, हे सांगायला नको. मावशी कांदा चिरत होती. बाई तिच्यासमोर बसल्या. स्कार्फ काढायचंही भान नव्हतं.

“तुला मान खाली ठेवायला सांगितलं होतं ना?” अगदी वर्गातला आवाज, फक्त जरा ओला. “सगळ्यांनी ऐकलं. मग तूच का नाही ऐकलंस?”

मावशीने सुरी खाली ठेवली.

“तुझं तरी कधी ऐकलं का मी? आणि हे बघ, तू बोल नाहीतर नको बोलूस. तुला थंडी वाजली तर मी विचारत बसणार नाही, सरळ गुंडाळेन.”