अनोळखी ते शेवटी

नारिन शहरातल्या एका छोट्या इंटरनेट कंपनीत सोनुनबू अकरा वर्षं ‘पाइप’ सांभाळत होती. पाइप हा तिचाच शब्द. खिंडीपलीकडच्या गावाला मनोऱ्यावरून जाणारी एकच जोडणी. तिच्यातून कोणी आधी जायचं आणि कोणी ताटकळायचं, हे तीच ठरवायची. पहिल्या रांगेत साहेबांची खास गिऱ्हाइकं, मग फोनवरची बोलणी, मग सिनेमे. तळाला तिनेच तीन वर्षांपूर्वी लिहिलेली ओळ: जे ओळखू येत नाही, ते शेवटी. घरी मात्र उलटं. अनोळखी पाहुणा आला की त्याला दारासमोरची मानाची जागा, सगळ्यात जाड गादी, पहिला चहा.

त्या दुपारी खिंड तीन दिवसांपासून बंद होती. मनोऱ्यावर बर्फ चढून पाइप एक तृतीयांश उरला होता. शहरात लग्न होतं, पलीकडची वऱ्हाडी मंडळी अडकलेली, म्हणून लग्न त्यांना थेट दाखवलं जात होतं, पहिल्या रांगेतून. पडद्यावर सूत्रसंचालक प्रत्येक काकाला ‘आपल्या डोंगरांचा बिबट्या’ म्हणत होता. आतापर्यंत सात बिबटे झाले होते.

तेवढ्यात तिचा साधा फोन वाजला. खिंडीपलीकडच्या गावातून, धाकट्या बहिणीची, चिनारची सासू, झुउरा-आपा. त्या गावात साधा फोन फक्त गोठ्यामागच्या टेकाडावर लागायचा, त्यामुळे आपा वाऱ्यावर मात करत, बकऱ्या हाकल्यासारखी बोलत होती. मूल झालंय, गुटगुटीत आहे, नाक आमच्याकडचं. मग आवाज खाली आला.

“चिनारचं रक्त थांबत नाहीये गं. बुरुल नर्सने मोबाइल धरलाय, पण त्यातली डॉक्टरीण तोंड उघडं टाकून गप्प बसलीय. पुढे काय करायचं ते बुरुलला कळत नाहीये. तिला बोलायला सांग.”

जिल्ह्याच्या दवाखान्याने गेल्या महिन्यात डॉक्टरांसाठी नवा प्रोग्राम घेतला होता, एवढं सोनुनबूने ऐकलं होतं. तिच्या ओळखीच्या प्रोग्रामांच्या यादीत तो नव्हता. म्हणजे तो तळाला होता. तिने स्वतःच्या हाताने तिथे बसवलेला.

तिने साहेबांना, सगळे ज्यांना ‘अके’ म्हणजे दादा म्हणत त्या तुरात-अकेंना, लग्नातच फोन लावला.

“लग्नाला हात लावू नकोस,” ते घास चावत म्हणाले. “त्या डॉक्टरणीला तेवढं वर घे.”

“कसं ओळखू, अके? शेवटच्या रांगेत एकेचाळीस जण आहेत. सगळे कुलूपबंद. कोण डॉक्टरीण, कोण खेळ खेळतंय, बाहेरून काही दिसत नाही.”

“मग पाच मिनिटं थांब, दवाखान्यात विचारून सांगतो.”

पाच मिनिटांत किती रक्त जातं, हे तिला माहीत नव्हतं. तेच सगळ्यात भयंकर होतं. घाईत पासवर्ड दोनदा चुकला. तिसऱ्यांदा घेतला. मग तिने रांगाच काढून टाकल्या. एकूण एक. आता पाइपात सगळे खांद्याला खांदा लावून.

पडद्यावर आठवा बिबट्या अर्ध्यातच गोठला.

आपा म्हणाली, खाली जाऊन बघून येते, फोन टेकाडावरच ठेवते. मग फोनमध्ये नुसता वारा. सोनुनबूने तो कानाला इतका दाबून धरला की कान दुखायला लागला. एकदा कुत्रा भुंकला. एकदा कोणीतरी किंचाळल्यासारखं वाटलं. वाराच असेल, असं तिने स्वतःला बजावलं. टेबलावरचा कंपनीचा फोन वाजून वाजून थांबला, परत वाजला.

शेवटी धापा ऐकू आल्या.

“चित्र तुकड्या-तुकड्याने येतंय,” आपा म्हणाली. “पण आवाज येतोय. डॉक्टरीण बुरुलला म्हणाली, पोट असं चोळ, आता सुई दे. लय रागावते बाई. रक्त कमी झालंय. चिनारने पाणी मागितलं.”

सोनुनबूला रडू आलं नाही. तिने कंपनीचा फोन उचलला.

तुरात-अके कडाडले: रांगा परत लाव, आणि दवाखान्याचं नाव घाल सगळ्यात वर, मिटलं ना?

“उरलेल्या चाळीस जणांत कोण आहे, ते आधी सांगा, अके,” ती म्हणाली. “मग लावते.”

तिने हात कीबोर्डवरून उचलून मांडीखाली दाबून ठेवला.