बर्नरचा डोळा आणि रामटेकेकाका

राजाराम रामटेक्यांच्या हातांना स्वस्थ बसणं ठाऊक नव्हतं. उत्तरेतल्या एका शहरात, तेलीबागेतल्या आपल्या दोन खोल्यांत ते जेवायला बसले, तरी डावा हात मांडीवर काहीतरी फिरवत असायचा, एखादी झडप उघडावी तसा. सलाईन तयार करणाऱ्या एका सरकारी कारखान्यात बावीस वर्षं त्यांनी बॉयलर पेटवला होता. लोखंडी सळईच्या टोकाला चिंध्यांचा बोळा. तो रॉकेलमध्ये बुडवायचा, पेटवून भट्टीच्या तोंडात घालायचा आणि तेलाची झडप हळूच सोडायची. जाळाने धरलं की नाही, हे काका डोळ्यांआधी कानांनी ओळखत.

एकदाच चुकलं. शहात्तर साली जाळ मध्येच विझला. तेल आत गळत राहिलं होतं. आधी हवा फुंकून भट्टी मोकळी करायची असते. तेवढा धीर तरुण रामटेक्यांना नव्हता. त्यांनी सळई घातली आणि भट्टीचं दार उडालं. त्यांची डावी भुवई जळाली, ती पुन्हा उगवली नाही. शेजारी उभ्या असलेल्या सोबती बाळकृष्णाचा अर्धा चेहरा भाजला. तो भंडाऱ्याला परत गेला. काका दरवर्षी त्याला पत्र लिहीत. उत्तर आलं नाही, तरी लिहीत.

शहाण्णवच्या हिवाळ्यात सळई भिंतीला टेकली, ती कायमची. पुण्याच्या कंपनीतून अभय नावाचा इंजिनिअर आला आणि बर्नरशेजारी राखाडी रंगाची एक पेटी बसवून गेला. बटण दाबलं की पंखा आपोआप चाळीस सेकंद हवा फुंकणार, मग ठिणगी, मग तेल. जाळावर नजर ठेवायला अंगठ्याएवढा एक डोळा. त्याला जाळ दिसला नाही की तेल बंद, लाल दिवा, भोंगा.

"काका, बाकी काही करायचं नाही," अभय म्हणाला. "फक्त याची काच रोज स्वच्छ पुसा."

बाकी काही करायचं नाही! आता चार माणसांऐवजी दोन पुरतील, उरलेल्या दोघांना स्टोअरमध्ये पाठवणार, अशी यादी होऊ घातली होती. स्टोअरमध्ये खुर्ची होती, खिडकी नव्हती.

काच मात्र ते रोज पुसू लागले. सकाळी साडेसातला बर्नर थोडा वेळ थांबवायचा, डोळा काढायचा, नेहमीच्या फडक्याने निगुतीने पुसायचा, परत लावायचा. आणि बटण दाबलं की चाळीस सेकंद हवा, ठिणगी, जाळ – आणि लगेच भोंगा. पुन्हा बटण, पुन्हा भोंगा. तिसऱ्या-चौथ्या खेपेला यंत्र कसंबसं चालायचं. तोवर वाफ उतरायची आणि वाफेवर निर्जंतुक होणाऱ्या बाटल्यांची एखादी खेप वाया जायची.

काका वरवर वैतागत. आतून त्यांना बरं वाटत होतं. एकदा ही पेटी गेली, की सळई पुन्हा हातात.

महिनाभराने सुपरवायझर रणजित सिंह वैतागून म्हणाले, "बहुत हो गया. सोमवार को जंपर लगा दो."

जंपर म्हणजे वायरचा एक तुकडा. तो जोडला की पेटीला वाटत राहतं, डोळ्याला जाळ दिसतोय. जाळ असो वा नसो. विझला तरी तेल चालूच.

काकांनी भुवईच्या जागी बोट लावलं. "साहब, ये मत कीजिए."

"क्यों? मशीन आपको भी तो पसंद नहीं!" रणजित सिंह हसले.

गुरुवारी त्यांनी बायकोची, वसुधाकाकूंची, दाढ काढायला रजा घेतली. शुक्रवारी कामावर आले, तर बदली ड्यूटी केलेला इश्तियाक दात काढत उभा. "रामटेके साहब, कल तो एक बार में चल गई. बिल्कुल शरीफ़ों की तरह. आप ही से रूठी है!"

काका हसले नाहीत. त्यांनी लॉगबुक उघडून पानं उलटली. भोंगा वाजल्याची प्रत्येक नोंद त्यांच्याच अक्षरात होती. त्यांनी खुंटीवरचं फडकं हातात घेतलं. धुरकट काच स्वच्छ निघावी म्हणून ते फडक्यावर दोन थेंब डिझेल घेत. बावीस वर्षं भट्टीत बघण्याच्या झरोक्याची काच अशीच पुसली होती. माणसाला त्या काचेतून लख्ख दिसायचं. पण या डोळ्याला तेलाच्या थरातून जाळ दिसत असेल का?

शनिवारी त्यांनी डोळा पुसलाच नाही. यंत्र पहिल्याच खेपेला चालू झालं.

"साहब, आज चल गई. जंपर रहने दीजिए."

"एक दिन का क्या भरोसा? वजह बताइए, नहीं तो सोमवार को लगेगा."

वजह काकांच्या जिभेवर होती. ती सांगितली, तर यादीत पहिलं नाव कुणाचं, हेही ठाऊक होतं. त्यांनी फडकं परत खुंटीला अडकवलं.

रविवारी घरात त्यांच्या किती फेऱ्या झाल्या, कोण जाणे.

"पापा, बैठ जाइए ना. चक्कर आ रहा है मुझे," त्यांची मुलगी अवनी पुस्तकातून डोकं न काढता म्हणाली.

"त्यांना बसवणारा अजून जन्मायचा आहे," काकू सुजल्या गालावर हात ठेवून म्हणाल्या. "काहून फिरता असे? काय हरवलं?"

"काही नाही." मग कपाटापाशी जाऊन, "तुझ्याजवळ मलमल आहे का? कोरी?"

चौक बाजारातून आणलेल्या चिकनकारीच्या मलमलीचा उरलेला कोरा तुकडा काकूंनी काढून दिला.

सोमवारी बॉयलर घराच्या दाराशी धुकं अडकलं होतं. रणजित सिंहांच्या हातात वायरचा तुकडा होता. काकांनी बर्नर थांबवला, डोळा काढला आणि सगळ्यांदेखत डिझेलच्या फडक्याने पुसला. बटण. भोंगा. पुन्हा काढला, मलमलीने कोरडा केला, काचेवर तेलाचा अंशही ठेवला नाही. बटण. हवा, ठिणगी, जाळ. भोंगा वाजला नाही.

"तो महीने भर से आप ही इसे अंधा कर रहे थे?" रणजित सिंहांना हसू आवरेना. "और हम कंपनी को गालियाँ दे रहे थे!"

"जी. ग़लती मेरी है. वायर जेब में रखिए, साहब."

रणजित सिंहांचं हसू हळूहळू ओसरलं. त्यांनी वायर खिशात घातली.

बुधवारी यादी लागली. काका स्टोअरमध्ये. गुरुवारी सकाळी जाता जाता त्यांनी मलमलीचा तुकडा इश्तियाकच्या हातात ठेवला. "सूखा. हमेशा सूखा."

"खड़े क्यों हैं? जाइए, बैठिए आराम से," इश्तियाक म्हणाला आणि त्याने बटण दाबलं.

पंखा घोंघावू लागला. काका दारातच थांबले. डावा हात खिशात झडप फिरवत होता, ओठ हलत होते. एक, दोन, तीन. चाळीसपर्यंत ते हलले नाहीत. जाळाने धरल्याचा आवाज कानांनी ओळखला, आणि मगच स्टोअरच्या दिशेने चालू लागले.