डावी वाटी

प्रेसशॉपमध्ये सगळे त्याला कानसेन म्हणत. पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या प्रेस दुरुस्त करण्यात त्याची पंचवीस वर्षं गेली होती, आणि मशीनचं कुठे दुखतंय ते त्याला नुसतं ऐकून कळे. आठ प्रेस एकदम धडधडत, आवाज जमिनीतून पायात आणि पायातून दाढेपर्यंत चढे, आणि त्या गदारोळात हा शांतपणे सांगे, "चार नंबरचं बेअरिंग. उद्या दुपारपर्यंत टिकेल." दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधीच ते जाम होई.

ऐकायची त्याची रीत ठरलेली. आवाज अडवणाऱ्या इअरमफची उजवी वाटी कानावर आणि डावी वर, कपाळाकडे सरकवलेली. त्याचं बघून बाकीचे फिटरही तसंच करू लागले. डावी वाटी वर असलेला माणूस म्हणजे मुरलेला. दोन्ही कान झाकून फिरणारा म्हणजे नवखा. सेफ्टीच्या बाई दर वर्षी कान तपासायला येत आणि कळवळून सांगत, "अहो, एक कान उघडा ठेवायचा तर दुसरा झाकता कशाला? गेलेला कान परत येत नाही."

"बाई, मशीनचं ऐकू की तुमचं?" हा म्हणे, आणि सगळे खो खो हसत.

घरी त्या डाव्या कानाला दुसरं काम होतं. नऊ वर्षांची लेक रोज संध्याकाळी पलंगावर त्याच्या डाव्या बाजूला येऊन बसे आणि कानाला तोंड लावून दिवसभराचं गुपित सांगे. "काय शिजतंय बापलेकीचं?" बायको आतून विचारी. तो ओठांवर बोट ठेवी.

एका सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, त्याला शिट्टी ऐकू आली. बारीक, सुईसारखी, न तुटणारी. त्याने ती लगेच ओळखली. चार नंबरची हवेची नळी फुटायच्या आधी अशीच वाजते.

"तुला ऐकू येतंय?" त्याने बायकोला विचारलं.

"काय? कारखाना इथून अर्ध्या तासावर आहे. तुमचं डोकं सुट्टीलाही हजेरी लावतं!"

त्याला राहवेना. चपला घालून तो निघाला. शिट्टी वाटभर सोबत चालली. ना जवळ आली, ना मागे पडली.

"आत चिटपाखरूही नाही," वॉचमन कुलूप काढता काढता म्हणाला.

छपराच्या काचांतून ऊन खाली उतरलं होतं आणि त्यात आठ प्रेस मुकाट उभ्या होत्या. मेन स्विच बंद. हवेच्या दाबाचा काटा शून्यावर. त्याने चार नंबरच्या नळीवर तळहात ठेवला. नळी थंडगार होती. शिट्टी मात्र चालूच. तो गर्रकन वळला, तर तीही त्याच्याबरोबर वळली. राहिली डावीकडेच.

त्याने खुंटीवरचा इअरमफ काढला आणि कितीतरी वर्षांनी दोन्ही वाट्या कानांवर घट्ट बसवल्या. वॉचमनचा रेडिओ विझला. छपरावरची कबुतरं विझली. शिट्टी मोठी झाली. रिकाम्या खोलीत कुणीतरी जवळ, अजून जवळ सरकून बसावं तशी.

त्याने इअरमफ ओरबाडून काढला. तसाच उभा राहिला. थोड्या वेळाने डाव्या खांद्यावर हात पडला आणि तो झटकन मागे फिरला.

"अहो, किती हाका मारायच्या?" वॉचमन म्हणाला. "केव्हाचा इथंच उभा आहे, तुमच्या शेजारी."

संध्याकाळी लेक नेहमीसारखी डावीकडे येऊन बसली. तिचा ऊन श्वास कानाला लागला. सवयीने तो हसला, मान डोलावली. ती मागे सरून त्याच्याकडे टक लावून बघत राहिली.

"बाबा, मी काय सांगितलं?"

"गुपित मोठ्यानं सांगतात होय?"

"मी काहीच बोलले नाही. नुसते ओठ हलवले." ती हळूच म्हणाली, "कालही. परवाही. तू दर वेळी हसतोस."

"कधीपासून?"

"माझा दात पडला तेव्हापासून."

तिचा नवा दात अर्धा वर आला होता.

"त्याच्या आधी खरं खरं सांगायचे," ती म्हणाली. "पण पुढे काय झालं, ते तू कधी विचारलंच नाहीस."

त्याने तिला उचलून उजवीकडे बसवलं. "आता सांग."

ती कानाशी कुजबुजली, "तुला भीती वाटते का रे?"

हे त्याला स्वच्छ ऐकू आलं. हा एवढाच कान उरला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने दोन्ही वाट्या खाली ओढल्या आणि चार नंबरच्या अंगावर तळहात टेकवून डोळे मिटले. बेअरिंगची थरथर हाताला कळते का, बघत राहिला. कळत होती, पण उशिरा आणि पुसट. समोरचे फिटर खाणाखुणा करून हसले. वाट्यांच्या आत शिट्टी त्याला सोबत करत होती.

जेवणाच्या सुट्टीत प्रेस थांबल्या. पाच फिटर बाकावर ओळीने बसले होते, बोलणाऱ्याकडे उजवा कान करून माना किंचित वळवलेल्या. हे त्याने आजवर पाहिलं नव्हतं. तो त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि लेक बोलते तेवढ्याच आवाजात म्हणाला, "अरे, इकडे बघा."

एकही मान वळली नाही.

भोंगा झाला. पाचही जणांनी इअरमफ चढवले आणि सवयीने डाव्या वाट्या वर सरकवल्या. तो मागून गेला आणि पहिल्याची वाटी खाली ओढून कानावर बसवली.

तो फिटर केवढ्याने तरी दचकला. मागे कुणी आहे, हे त्याला कळलंच नव्हतं.